एमटॅस (मेडिकल ट्रेनिंग अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस) : ब्रिटनच्या ज्युनियर डॉक्टरांच्या जागा वाटणारी वेबसाइट (एक स्टार)

ही सर्व्हिस बंद पडून जमाना झाला, त्यामुळे वापरावी की नको हा प्रश्नच नाही. पण भरतीचं कुठलंही पोर्टल बोंबललं की 'सर्व्हर डाऊन होता' म्हणून विषय गुंडाळतात ना, ब्रिटनच्या ज्युनियर डॉक्टरांनी २००७ मध्ये तो गुंडाळू दिला नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

कल्पना वाईट नव्हती हो. आधी प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, ओळखीपाळखी चालायच्या, ट्रेनिंगला धड शिस्त नाही, बदल हवाच होता. मग सरकारने मॉडर्नायझिंग मेडिकल करिअर्स नावाची नवी पद्धत आणली आणि स्पेशालिटी ट्रेनिंगच्या, म्हणजे एखाद्या शाखेत तज्ज्ञ होण्याच्या, बहुतेक सगळ्या जागा एकाच ऑनलाइन फॉर्मवर एकदम भरायला काढल्या. जागांपेक्षा अर्ज हजारोंनी जास्त.

आणि तो फॉर्म! ताणात काम कसं केलंत, टीममध्ये काय केलंत, प्रत्येकी १५० शब्दांत लिहा. म्हणजे वर्षानुवर्षं नाइट ड्युट्या करून परीक्षा पास झालेला माणूस मागे आणि निबंध छान जमणारा पुढे, वर सुरुवातीला इंटरव्ह्यू घेणाऱ्यांसमोर सीव्हीसुद्धा नसायचा. मग ते बघत काय होते देव जाणे.

सिक्युरिटीबद्दल तर बोलायलाच नको. एप्रिलमध्ये उमेदवारांचे पत्ते, फोन नंबर, धर्म, लैंगिक कल असली खासगी माहिती कुणालाही उघडता येत होती, आणि लगेच पुढे कळलं की वेब अ‍ॅड्रेसमधले आकडे बदलले की दुसऱ्याचे मेसेजही दिसतात. साइट बंद करावी लागली.

कस्टमर सपोर्ट? तो ज्युनियर डॉक्टरांनी स्वतःच उभा केला, रेमेडी यूके नावाची संघटना काढून. १७ मार्चला लंडनमध्ये हजारो डॉक्टर रस्त्यावर उतरले, ग्लासगोतही मोर्चा निघाला. मॉडर्नायझिंग मेडिकल करिअर्सचे प्रमुख अ‍ॅलन क्रॉकर्ड यांनी राजीनामा दिला, आरोग्यमंत्री पॅट्रिशिया ह्यूइट यांना संसदेत माफी मागावी लागली, आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स जॉन्सन यांनाही खुर्ची सोडावी लागली, कारण त्यांनी पेपरात लिहिलेल्या पत्राने त्यांचेच मेंबर भडकले. या भरतीविरुद्धची हायकोर्टातली केस मात्र रेमेडी हरली. पुढे सर जॉन टूक यांच्या चौकशीने त्या सगळ्या पद्धतीवर सडकून टीका केली, अंतिम रिपोर्ट जानेवारी २००८ चा.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या डॉक्टरांना तर आधीच फटका बसला होता, कारण २००६ मध्ये वर्क परमिटशिवाय ट्रेनिंगची सोय काढून घेतली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना बापिओ कोर्टात गेली, आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) परदेशी डॉक्टरांना भरतीत मागे ठेवण्याची आरोग्य खात्याची सूचना बेकायदा ठरवली. तोवर त्या भरतीच्या जागा कधीच भरून गेल्या होत्या.

मला सगळ्यात आवडलं ते रेमेडीचं पुढचं पाऊल. डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे त्यांनी तक्रार केली की ही भरती राबवणारे वरिष्ठही डॉक्टरच आहेत, त्यात इंग्लंडचे तेव्हाचे चीफ मेडिकल ऑफिसर सर लिआम डोनाल्डसनसुद्धा, मग ज्युनियरच्या चुकीची चौकशी होते तशी यांचीही करा. कौन्सिलने हात वर केले, रेमेडी परत कोर्टात गेली, आणि २०१० मध्ये कोर्टाने सांगितलं की हे प्रशासकीय काम, डॉक्टरकीशी त्याचा पुरेसा संबंध नाही.