दोन इंच उंची, आठ महिने कुरकुर

पिकअप उचलून, म्हणजे सस्पेन्शनमध्ये किट टाकून उंच करून घेतली, त्याला आठ महिने झाले. सहाव्या महिन्यातच लिहायला बसलो होतो, पण तेव्हा इतका वैतागलो होतो की नुसत्या शिव्याच उतरल्या. तो मजकूर पुसला ते बरं झालं, त्यातल्या निम्म्या शिव्या भलत्याच माणसाला पडल्या असत्या.

किट सगळ्यात स्वस्त प्रकारातलं. पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर बसणारे अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर (जाड चकत्या), मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि चाकांचा एक्सल यांच्यामध्ये ठोकळे, सोबत हे सगळं आवळून धरणारे लांब यू-बोल्ट. नव्या स्प्रिंगा आणि शॉकअपवालं पूर्ण किट कितीतरी महाग होतं, आणि माझे मूळचे शॉकअप धडधाकट. चालती वस्तू काढून अडगळीत टाकायला माझा हात धजत नाही.

खोका उघडला आणि पहिलं भांडण तिथेच. किट दोन इंचांचं, स्पेसर मोजला तर जेमतेम एक इंच! विक्रेत्याला फोन लावून "अर्धाच माल पाठवलात" म्हणून झापलं. त्याने शांतपणे विचारलं, "स्ट्रटचं खालचं टोक कुठे बसतं ते बघितलंत का?" बघितलं. चासीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या खालच्या आर्मच्या साधारण मधोमध. चाक मात्र आर्मच्या टोकाला. मध्यावर एक इंच ढकललं की टोक जवळपास दोन इंच खाली जातं, शाळेतली तरफ. फोन मीच घाईघाईने ठेवला.

मागे हा प्रकार नाही, तिथे जेवढा ठोकळा तेवढीच उंची. मी एकच इंच घेतला. रिकामी पिकअप मागून थोडी उंच असते ती उगाच नाही, हौदा भरला की मागची बाजू बसते. पुढून-मागून अगदी समपातळीत आणली असती, तर माल भरल्यावर हेडलाइट आभाळाकडे बघत बसले असते. तसेही ते वर गेलेच होते. समोरचे दोन रात्री डिपर मारत होते, तिसऱ्या दिवशी स्क्रू फिरवून खाली घेतले.

अलाइनमेंट पहिल्यांदा केली तेव्हा फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बघितला गेला. गाडी उचलली की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला आळस करतं. कॅस्टर मोजून मागा, न मागता कोणी देत नाही.

आता मुख्य तक्रार. तिसऱ्या आठवड्यापासून पुढून डावीकडे कुरकुर. गतिरोधकावर, पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना, नुसतं दार उघडून बसलो तरी. जुन्या बाजेवर कोणी कूस बदलावी तसा आवाज. मिस्त्री म्हणाला, "साहेब, स्वस्त स्पेसर टाकलाय, आवाज येणारच." मलाही पटलं. स्पेसरवर ग्रीस लावलं, मग स्पेसरच्या वर-खाली रबराच्या चकत्या टाकल्या, मजुरी पुन्हा भरली. आवाज तिथेच. त्या सहाव्या महिन्यातल्या मजकुरात मी किट बनवणाऱ्याला धुऊन काढलं होतं.

मग एका रविवारी गाडीखाली झोपलो, मुलाला बंपरवर उभं राहून उड्या मारायला लावलं आणि आर्म चासीला जोडणाऱ्या बोल्टावर बोट ठेवलं. कुरकुर बोटाला जाणवली. स्पेसर बिचारा वर गप्प होता.

भानगड अशी. स्ट्रट बसवताना आर्म खाली ओढायला सोपं जावं म्हणून मिस्त्रीने त्याचे बोल्ट सैल केले, आणि गाडी हवेत, चाकं लोंबकळत असतानाच पुन्हा आवळले. या जोडातल्या बुशातलं (आत नळी असलेल्या रबरी अस्तरातलं) रबर आतल्या नळीला घट्ट चिकटलेलं असतं आणि बोल्ट त्या नळीला जखडतो. त्यामुळे गाडी जमिनीवर आली की रबर पिळलेलंच राहतं, उभ्या गाडीतसुद्धा.

चाकं जमिनीवर ठेवून बोल्ट सैल केला. "टुक" झालं आणि आर्म दोन-तीन मिलिमीटर सरकला. गाडी चारदा हलवली, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळलं. कुरकुर बरीचशी गेली. या बोल्टांवरच कॅम (चाकाचा कोन ठरवणारी, फिरवली की आर्म सरकवणारी चकती) असल्याने अलाइनमेंट पुन्हा करावी लागली, तो खर्च मात्र मला अजून झोंबतोय. सोडण्याआधी कॅमवर खूण करायला हवी होती.

बाकी थोडक्यात. यू-बोल्ट नवेच वापरा, जुने ताणलेले असतात. माझे पहिल्या हजार किलोमीटरनंतर पाव फेरा आवळले गेले. पुढची चाकं फिरवणाऱ्या एक्सल शाफ्टचा कोन वाढलाय, म्हणून महिन्यातून एकदा त्याच्या सांध्यातलं ग्रीस झाकणाऱ्या रबरी बुटाच्या घड्या चाचपतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे अजून नाहीत. खडबडीत रस्त्यावर पुढचा बंपर आता घासत नाही, आणि त्यासाठीच तर हे केलं होतं. मागच्या डिफरन्शियलखालची (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखालची) मोकळी जागा मात्र एक मिलिमीटरही वाढली नाही. डिफरन्शियल एक्सलवरच असतो, त्याला मोठे टायरच उचलतात, आणि टायर झिजेपर्यंत मी बदलणार नाही.

डावा बुश सहा महिने पिळून कडेला फाटलाय, सकाळी गार गाडी अजून एकदा कुरकुरते. नवा बुश आणून ठेवलाय. बसवायला त्याच मिस्त्रीकडे जाईन, त्याच्याकडे प्रेस आहे. शेवटचा बोल्ट मात्र गाडी खाली उतरल्यावर मी आवळणार.