डॉक्टर टीममध्ये, सल्ल्यापुरता, की आपणच वॉर्डात?

रुग्णालयाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमपुढे तीन वाटा असतात. डॉक्टर पगारावर घ्यायचा. महिन्याला चार-सहा तासांसाठी एखादे नामांकित डॉक्टर सल्लागार म्हणून ठेवायचे. किंवा सिस्टर, निवासी डॉक्टर, फार्मासिस्ट यांच्या वेळेचे पैसे मोजून आपणच वॉर्डात जाऊन बसायचं.

सल्लागाराची वाट स्वस्त, आणि विक्रीच्या वेळी नावही कामी येतं. औषधांच्या याद्या, उपचाराचे प्रोटोकॉल, डिस्चार्ज कार्डाचा मजकूर तपासून घ्यायला हा माणूस उत्तम. पण राउंडला सर औषध सांगतात आणि संगणकात ते भरतो निवासी डॉक्टर. सरांनी स्वतः ऑर्डर भरलेली नसते. डेमोतल्या रुग्णाला तीन गोळ्या असतात, सर ‘छान झालंय’ म्हणतात. आयसीयूतल्या रुग्णाला चौदा औषधं, त्यातली दोन शिरेतून थेंबथेंब देणाऱ्या पंपावर, एक ‘लागल्यास’. तिथे तीच स्क्रीन चार वेळा खाली-वर करावी लागते. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयाने २००३ साली संगणकावर ऑर्डर भरण्याची आपली प्रणाली डॉक्टरांच्या विरोधामुळे काही महिन्यांतच थांबवली. एरवी क्षणात लिहून होणाऱ्या ऑर्डरला वेळ लागतो, ही मुख्य तक्रार होती.

पूर्णवेळ डॉक्टर महाग, पण रोजचे बारीक प्रश्न तिथल्या तिथे सुटतात. आठचा डोस दहाला दिला तर ‘चुकला’ दाखवायचा की ‘उशिरा’? डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली ऑर्डर सिस्टरने भरली तर सही कुणाची? विचारायला कुणी नसलं की डेव्हलपर अंदाजाने ठरवतो आणि तो अंदाज कोडात कायमचा बसतो. ही वाट फसते ती दोन कारणांनी. एक, त्याला हळूहळू टेस्टिंगला आणि डेमोला जुंपलं जातं. दोन, प्रॅक्टिस सुटली की वॉर्डाची सवयही सुटते. म्हणून आठवड्याचे चार दिवस टीममध्ये आणि एक-दोन दिवस रुग्णालयात, असाच करार करा. रिलीज थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. इंग्लंडमध्ये आरोग्य-सॉफ्टवेअरच्या सुरक्षेसाठीच्या डीसीबी ०१२९ या मानकाखाली सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला नोंदणीकृत क्लिनिशियन (डॉक्टर, नर्स यांसारखा) सुरक्षा अधिकारी म्हणून नेमावाच लागतो आणि धोक्यांची नोंदवही ठेवावी लागते. तिथे विकायचं नसलं तरी ती वही उचलावी: धोका काय, कशामुळे, रुग्णाला काय होईल, उपाय कोणता, आणि उपाय चालतो हे कुणी तपासलं. शेवटचा रकाना सहसा रिकामा सापडतो.

डॉक्टर हाताशी असूनही काय निसटतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ रुग्णालयात २०१३ साली दिसलं. ४० किलोखालच्या मुलांचा डोस वजनावरूनच भरायचा, हा नियम. ३८.६ किलोच्या मुलाचा हिशेबाने निघालेला डोस गोळीत बसेना, म्हणून फार्मासिस्टने १६० मिलिग्रॅमची, म्हणजे एका गोळीची, नवी ऑर्डर मागितली. निवासी डॉक्टरने १६० टाइप केलं, पण चौकटीतलं एकक होतं ‘मिलिग्रॅम प्रति किलो’. १६० ला वजनाने गुणलं गेलं आणि एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या. इशारा आला, पण रोजच्या ढीगभर इशाऱ्यांत तोही बंद केला गेला. औषध यंत्राने भरलं, बारकोड जुळला, आणि गोळ्या दिल्या गेल्या. मुलाला आकडी आली, तो वाचला. यातला एकेक नियम सुटा पाहिला तर शहाणपणाचाच आहे. ते नियम एकमेकांवर आपटतात कुठे, हे बैठकीत कळत नाही. कामाच्या घाईत एककाकडे लक्ष न जाणाऱ्या माणसाच्या शेजारी बसलं की कळतं.

म्हणून पैसे एकाच वाटेपुरते असतील तर आम्ही तिसरी निवडू. पाच-सहा जण पुरतात, मात्र त्यात रात्रपाळीच्या सिस्टर हव्यात आणि महिन्याभरापूर्वीच रुजू झालेला एखादा निवासी डॉक्टरही. प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास आणि आपल्या स्क्रीनवर करायला खरी कामं: वजन बदललं तेव्हाचा डोस, थांबवलेलं औषध पुन्हा सुरू करणं, दोन सारख्या नावांचे रुग्ण. आपण गप्प बसायचं. ‘खाली डावीकडे बघा’ म्हणालात की चाचणी संपली. परवानगी मेट्रनकडून घ्या आणि मानधन त्या व्यक्तीच्या हातात पोचेल असं पाहा. या वाटेची उणीव अशी की सहा जणांची सहा मतं येतात आणि निवाडा करायला कुणी नसतं. अपॉइंटमेंट, बिलिंग, बेड अशा कामांत ते निभावतं, तिथे रिसेप्शन आणि बिलिंगची माणसंही गटात घ्या. औषधाचा डोस, अ‍ॅलर्जी किंवा तपासणीच्या निकालाला सॉफ्टवेअर हात लावत असेल तर निवाड्याला पगारी डॉक्टर लागतोच. त्याचा खर्च झेपत नसेल, तर ते मॉड्यूल सध्या बाजूला ठेवा.

ड्युटी बदलताना मात्र चाचणी घेऊ नका, कोपऱ्यात उभं राहून फक्त पाहा. त्या वेळी सिस्टर चिठ्ठीवर किंवा हाताच्या तळव्यावर जे लिहून घेते, ते तुमच्या स्क्रीनवर सापडलेलं नसतं.