सात महिने लिनक्स लॅपटॉप: वायफायच्या डुलक्या आणि मी

या लॅपटॉपवर लिनक्स टाकून सात महिने झाले. कीबोर्ड झकास, बॅटरी ठीक, स्क्रीनबद्दल तक्रार नाही. यापलीकडे त्यांच्यावर लिहीत नाही, कारण पहिले तीन महिने वायफायने दुसरीकडे बघूच दिलं नाही.

दुखणं असं की कोपऱ्यात सिग्नल पूर्ण भरलेला, आणि पान मात्र उघडत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी आपोआप सुरळीत. मीटिंगमध्ये समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात गोठायचा. शेजारी ठेवलेला फोन त्याच वायफायवर मजेत.

सगळे करतात ते करून झालं: राउटर बंद-चालू, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) बदल, लाइव्ह पेनड्राइव्हवरून दुसरी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार. शेवटी एका रात्री दोन टर्मिनल शेजारी-शेजारी उघडून पिंग लावला, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारायची आणि उत्तराला किती वेळ लागतो ते बघायचं. एकात राउटरचा पत्ता, दुसऱ्यात 8.8.8.8, म्हणजे बाहेर इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं. राउटर त्याच खोलीत, आणि उत्तरं येतायत 3 मिलिसेकंद, 4, 3, मग एकदम 210, 940, मग शुकशुकाट. दुसऱ्या खिडकीतही त्याच क्षणी तेच. म्हणजे घोळ घरातच होता. इंटरनेटवाल्यांना घातलेल्या शिव्या फुकट गेल्या. दोन्हीकडे थेट आकडी पत्ते होते, त्यामुळे डीएनएसही सुटलं.

'आयडब्ल्यू' या वायफायच्या कमांडने सिग्नल पाहिला तर उणे 48 डीबीएम, म्हणजे जोरदार (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). उणे 75 च्या आसपास असता तर अंतराला दोष दिला असता. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये कनेक्शन तुटल्याची एकही ओळ नाही. तुटत नव्हतंच ते, झोपत होतं.

वायफाय कार्ड बॅटरी वाचवायला मधूनमधून डुलकी काढतं. तेवढ्यात आलेली डेटाची पाकिटं राउटर धरून ठेवतो आणि 'तुझं काहीतरी आलंय' असं आपल्या बीकनमधून, साधारण दर 100 मिलिसेकंदांनी, सांगत राहतो. कार्डाने वेळेवर उठून ती घ्यायची. ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (कार्डातलंच सॉफ्टवेअर) इथे चुकलं की पाकिटं ताटकळतात. 'आयडब्ल्यू'मधून पॉवर सेव्ह बंद केलं आणि पिंग लगेच 3-4 वर बसला. अर्धा तास नुसता बघत होतो.

पण ही कमांड रीबूटनंतर टिकत नाही. कायमचा उपाय नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे वायफाय पॉवरसेव्हचा आकडा माझ्याकडे 3 होता, म्हणजे चालू. तो 2 केला, म्हणजे बंद. गंमत म्हणजे बंद करायचं म्हणून मी आधी 0 टाकला होता. 0 म्हणजे 'जे डिफॉल्ट असेल ते'. दोन दिवस त्यात गेले. बॅटरीत मला तरी फरक जाणवला नाही.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण अधूनमधून स्पीड बसायचाच, आणि तोही बॅकअप घेतानाच. एकदा एक्स्टर्नल डिस्कची वायर काढली आणि पिंग सुधारला. परत लावली, बिघडला. चार वेळा करून पाहिलं, कारण पटतच नव्हतं. यूएसबी 3 ची वायर चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, हे नंतर वाचलं. डिस्क लांब वायरवर सरकवली आणि लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर नेला. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, नाहीतर लॅपटॉप गुपचूप 2.4 वर परततो. चॅनलही 'ऑटो'वरून काढून 36 ठेवला. 52 च्या पुढच्या बऱ्याच चॅनलवर राउटरला रडार ऐकू आलं तर चॅनल सोडावा लागतो, आणि तेवढा वेळ आपण लटकतो.

मध्ये एका कर्नल अपडेटनंतर वायफाय पूर्ण गायबच झालं होतं. ग्रब या लॅपटॉप सुरू होतानाच्या मेनूमधून जुना कर्नल निवडून काम चालवलं, पुढच्या अपडेटला ठीक झालं. म्हणून जुना कर्नल साफ करायची घाई मी आता करत नाही.

आता चार महिने शांतता आहे. घ्यावा का? घ्या, पण आधी वायफाय चिप कुठली ते बघा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिप येतात, त्यामुळे नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. आणि कार्ड बदलता येतं का तेही विचारा. माझ्यातलं बोर्डावरच सोल्डर केलेलं आहे, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात काढून फेकलं असतं.