संग्रहालयाचे उन्हाळी पर्यावरण शिबिर : दहा दिवसांचा अनुभव

माझी दहा वर्षांची मुलगी यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत एका निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या पर्यावरणविज्ञान शिबिराला दहा दिवस गेली होती. त्यांतले दोन दिवस पालकांना मुलांबरोबर बसण्याची मुभा होती आणि समारोपाला सर्वांनाच बोलावले होते. त्यामुळे पुढे लिहिले आहे त्यातले काही मी स्वतः पाहिलेले, काही तिच्या वहीत वाचलेले आणि उरलेले रोज संध्याकाळी तिच्या तोंडून ऐकलेले आहे. संग्रहालयाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझ्या तक्रारी अशा शिबिरांपैकी बऱ्याच ठिकाणी लागू पडाव्यात अशा आहेत.

एकूण मत आधीच सांगून टाकते. जे केवळ संग्रहालयच शिकवू शकते ते या शिबिरात फार चांगले शिकवले गेले, आणि जे सुट्टीतल्या कुठल्याही छंदवर्गात होऊ शकले असते ते सुमार निघाले. झाडे, तळी आणि किडे शाळेच्या आवारातही सापडतात. परंतु शंभर वर्षांपूर्वीचा पक्षी, तो कुठे व कोणत्या दिवशी मिळाला हे लिहिलेल्या चिठ्ठीसकट, संग्रहालयाच्या खणातच असतो. पर्यावरण बदलले असे म्हणायचे तर पूर्वी काय होते हे ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक करून देणाऱ्या वस्तू हाताशी असताना मुलांकडून नुसती घोषवाक्ये लिहून घेणे म्हणजे निव्वळ आळस होय.

तिसऱ्या दिवशी मी उपस्थित होते. संग्रहाची देखभाल करणाऱ्या क्युरेटरबाईंनी पक्ष्यांच्या अंड्यांचा एक खण उघडला आणि मुलांना हात पाठीमागे बांधून उभे राहायला सांगितले. कापसावर मांडलेली तपकिरी ठिपक्यांची अंडी, प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरातली चिठ्ठी. शाई फिकट झालेली असली तरी तारीख वाचता येत होती. मग त्यांनी गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांच्या घरट्यांत अंडी फुटलेली आढळू लागली तेव्हा डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतली अंडी तपासायला घेतली. कवच किती जाड आहे हे पाहण्यासाठी ते फोडण्याची सोय नव्हती. म्हणून त्याने रिकाम्या कवचाच्या मिलिग्रॅममधल्या वजनाला लांबी आणि रुंदीच्या मिलिमीटरमधल्या गुणाकाराने भागले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात दिसले की १९४७ च्या सुमारास हा आकडा एकदम घसरला आहे, आणि घसरण सुमारे एक-पंचमांश आहे. डीडीटी या कीटकनाशकाचा सर्रास वापर सुरू झाला तो हाच काळ. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई हे द्रव्य कवच तयार होताना कॅल्शियम जमू देत नाही, हे पुढे स्पष्ट झाले.

इथवर ही चांगली गोष्ट झाली. पण बाईंनी तिथे न थांबता प्रत्येक गटाला कोंबडीच्या अंड्याचे पोकळ केलेले कवच, बारीक मापे घेण्याचे व्हर्निअर कॅलिपर आणि छोटा तराजू दिला. सहा ग्रॅम वजन, सत्तावन्न मिलिमीटर लांबी आणि चव्वेचाळीस रुंदी असली की उत्तर २.४ च्या जवळ येते. एका गटाचे उत्तर तीनच्या वर गेले. त्या गटातल्या मुलाने आपले अंडे जगातले सर्वांत मजबूत अंडे असल्याचे जाहीर केले, आणि दोन मिनिटांनी बाईंनी त्याला रुंदी पुन्हा मोजायला लावली. त्याने ती अंड्याच्या निमुळत्या टोकाकडे मोजली होती. त्यानंतर सगळ्या गटांनी प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढली, ती कुणीही न सांगता. मोजमापातली चूक आणि निसर्गातला बदल यांत फरक कसा करायचा, हा पर्यावरणविज्ञानातला कळीचा प्रश्न आहे. तो दहा वर्षांच्या मुलांपुढे इतक्या सहज आलेला मी प्रथमच पाहिला.

अशीच दुसरी जोडणी काजळीची होती. शिकागोच्या फील्ड म्युझियमसह काही संग्रहालयांतल्या तेराशेहून अधिक पक्ष्यांची छायाचित्रे घेऊन, त्यांच्या पिसांवरच्या काजळीवरून १३५ वर्षांच्या हवेचा अंदाज बांधणारे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षी दरवर्षी पिसे बदलतात, म्हणून पिसांवरची काजळी ही त्या त्या वर्षाचीच असते. हा मुद्दा मुलांना अगदी पटकन समजला. काळवंडलेल्या आणि स्वच्छ पक्ष्यांचे शेजारी शेजारी ठेवलेले छायाचित्र दाखवल्यावर मुलांनी रहदारीच्या रस्त्यालगतच्या आणि बागेच्या आतल्या झाडांची पाने ओल्या कापसाने पुसली आणि ते बोळे तारीख घालून कागदावर चिकटवले. पानाच्या पाठीमागे पारदर्शक नेलपॉलिश लावून, ते वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची बारीक छिद्रे, मोजण्याचा प्रयोगही झाला. तोही जुन्या वनस्पतिसंग्रहाशी जोडता आला असता, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी कित्येक झाडांच्या पानांवरील रंध्रांची घनता कमी होत गेली, हे १९८७ मध्ये अशा वाळवून ठेवलेल्या पानांवरूनच दाखवले गेले. मात्र तो संग्रह दुरुस्तीसाठी बंद होता म्हणे.

तळ्याचा दिवस सर्वांत लांबला आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला झाला. जाळीने काढलेला गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतल्यावर पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. मुले कुरकुर करू लागतात, आणि मग गाळाचाच एक तुकडा चालू लागतो. चतुराचे पाण्यात वाढणारे पिल्लू आपला खालचा ओठ घडी उलगडावी तसा पुढे फेकून भक्ष्य पकडते. आमच्या ट्रेमध्ये त्याने डासाची अळी पकडली तेव्हा पाचही डोकी एकमेकांवर आपटली. तळाच्या गाळातल्या लाल अळ्या का लाल, तर त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते आणि त्यामुळे त्या प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तग धरतात. उलट मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याच्या बहुतेक जातींची पिल्ले अशा पाण्यात टिकत नाहीत. कोण सापडले आणि कोण सापडले नाही यावरून पाण्याचे मत बनवायचे, ही कल्पना मुलांना एखाद्या तपासकथेसारखी वाटली.

पुढे जे घडले ते नियोजनात नव्हते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम आणि तीस अंशांना साडेसात, असे शिबिरात शिकवणाऱ्या ताईंनी सकाळीच सांगितले होते. साहजिकच दुपारी तळ्यातला प्राणवायू कमी भरणार असे मुलांनी वहीत लिहून ठेवले होते. दुपारी थेंब मोजून चाचणी केली तर तो सकाळपेक्षा जास्त निघाला. माझी मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, ताईंनी चुकीचं शिकवलं का?” ताईंनी तो प्रश्न ऐकला आणि, हे मला फार आवडले, उत्तर दिलेच नाही. त्यांनी तळ्याचे पाणी दोन बाटल्यांत भरले, एकीला काळे कापड गुंडाळले, दुसरी उन्हात ठेवली आणि दोन तासांनी दोन्ही तपासल्या. उजेडातल्या बाटलीत प्राणवायू वाढलेला, अंधारातल्या बाटलीत घटलेला. पाण्याला हिरवी झाक देणारे शेवाळ दिवसभर प्राणवायू तयार करते आणि रात्री स्वतःच तो वापरते. म्हणून अशा तळ्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो, आणि मासे मरायचेच झाले तर बहुधा पहाटेच मरतात. विरघळण्याचा नियम चूक नव्हता. त्या तळ्यात दुसरे काहीतरी अधिक जोरात चालू होते. वहीत तिने स्वतःचे सकाळचे वाक्य खोडले नाही, त्याच्याखाली नवे लिहिले.

आता तक्रारी. चोवीस मुलांमागे सहा सूक्ष्मदर्शक होते, ते चालून गेले. आठ आणि बारा वर्षांची मुले एकाच गटात बसवल्यामुळे मात्र भागाकार आला की धाकटी मुले गप्प आणि पान चिकटवायचे आले की मोठी मुले कंटाळलेली, असे रोज होत राहिले. वयाप्रमाणे दोन गट करणे मुळीच कठीण नव्हते.

गंभीर तक्रार सातव्या दिवसाची आहे. हवामानबदलाचे सत्र क्युरेटर किंवा ताई यांच्याऐवजी एका हंगामी स्वयंसेवकाकडे दिले होते. त्याने ओझोनच्या थराला भोक पडले, त्यातून सूर्याची उष्णता आत येते आणि म्हणून पृथ्वी तापते असे सांगितले. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो दुरुस्त करणे हेच या सत्राचे काम असायला हवे होते. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला तो फ्रिजमधल्या आणि फवाऱ्याच्या डब्यांमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बनसारख्या वायूंमुळे. पृथ्वी तापते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडसारखे वायू जमिनीकडून परतणारी उष्णता अडवतात म्हणून. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या सांगितल्या असत्या तर मुलांच्या हाती एक दिलासाही लागला असता. अंटार्क्टिकावरचे ओझोनचे विवर १९८५ मध्ये जाहीर झाले, १९८७ मध्ये हे वायू आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला, ते हळूहळू बंद झाले आणि आता तो थर सावरतो आहे. त्याऐवजी वितळत्या बर्फावरच्या अस्वलांची चित्रफीत अंधारात दाखवली गेली आणि एक लहान मुलगा रडू लागला. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावरील केंद्रात १९५८ मध्ये मोजमाप सुरू झाले तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते आणि आता ते ४२० च्या वर आहे. एवढा एक आलेख मुलांना स्वतः काढायला दिला असता, तर भीती कमी आणि समज जास्त आली असती. ही चूक मी संग्रहालयाला लिहून कळवली. पोच आली, दुरुस्ती मात्र मुलांपर्यंत पोहोचली नाही.

नववा दिवस ‘टाकाऊतून टिकाऊ’चा. जुन्या बाटल्यांना थर्माकोल चिकटवला, त्यावर चमकी भुरभुरली आणि झाल्या फुलदाण्या. चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे कण, आणि युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून अशा सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आदल्याच आठवड्यात सूक्ष्म प्लास्टिकचे कण तळ्यात कसे पोहोचतात हे शिकलेल्या मुलांना हात धुताना ती चमकी मोरीत जाताना दिसत होती, आणि माझ्या मुलीने ते विचारलेही. “आज मजा करायची,” असे तिला उत्तर मिळाले. समारोपाला प्रमाणपत्रेही प्लास्टिकचा मुलामा देऊनच हातात पडली. यावर अधिक लिहीत नाही.

शिबिरातली एक छोटी गोष्ट राहून गेली, जी माहितीपत्रकात नव्हती. पहिल्याच दिवशी मुलांना चिठ्ठी लिहायला शिकवले होते: वस्तू काय, कुठे मिळाली, कधी, कोणाला. जागा आणि तारीख नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी तो संग्रहात घेत नाहीत, असे क्युरेटरबाईंनी सांगितले होते. शिबिर संपून महिना झाला. घरातल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आता तीन पिसे, एक कातीचा तुकडा आणि गोगलगाईचे दोन शंख आहेत, आणि प्रत्येकाखाली कागदाचा कपटा आहे. त्यातल्या एका पिसाखाली ‘कधी’च्या पुढे प्रश्नचिन्ह आहे, ते टाकून द्यायचे की ठेवायचे यावर अजून वाद चालू आहे.

पुढच्या सुट्टीत सातवा आणि नववा दिवस वगळून पाठवता येईल का, असे मी कार्यालयात विचारले आहे. तसे जमत नसेल, तर त्या दोन दिवशी मुलीला घरीच ठेवीन आणि उरलेल्या आठ दिवसांसाठी नाव नक्की नोंदवीन.