आवक, जावक आणि सही: कार्यालयीन मराठीचा एक स्टिकर-संच

व्हॉट्सअॅपवर 2018 साली स्टिकर आले, तेव्हापासून आमच्या कार्यालयाच्या गटावर सुप्रभाताची फुले आणि हात जोडलेल्या बाहुल्या यांचीच गर्दी असे. दोन महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याने कार्यालयीन बोलीवरचा तीस स्टिकरांचा मोफत संच पाठवला आणि तो मला मनापासून आवडला, कारण त्यातला विनोद आपल्या दप्तरातल्या शब्दांतूनच उगवलेला आहे.

‘जावक’चा स्टिकर पाहावा. जांभळ्या शाईचा, कडेला किंचित फिसकटलेला गोल शिक्का आणि मधोमध तारखेऐवजी ‘सायं. 6.15’! राज्य शासनाने 2020 साली पाच दिवसांचा आठवडा लागू केल्यापासून हीच आमची सुटण्याची वेळ असल्याने तो शिक्का कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. फाईलवर सही झाली का, असे विचारल्यावर ‘सही आहे!’ हा स्टिकर आला की सही झाल्याचेही कळते आणि काम झकास झाल्याचेही. ‘हजेरी’ तर फारच नेमका साधला आहे: उघडे मस्टर आणि खाली ‘आज लावलीही, घेतलीही गेली’. आढावा बैठकीत माझी खरडपट्टी निघाली, त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी तो पाठवला आणि मनावरचा ताण तिथेच उतरला.

सर्वांत उपयोगी स्टिकर लाल फितीचे पांघरूण घेऊन झोपलेल्या फाईलचा आहे; तिच्या उशाशी ‘सातवा दिवस’ असे लिहिले आहे. दप्तरदिरंगाईच्या 2005 च्या कायद्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे फाईल कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक प्रलंबित राहू नये, याची इतकी गोड आठवण कोणत्याही स्मरणपत्राने होत नाही.

शिपाईमामांच्या चालीची नक्कल करणारे तीन स्टिकर मात्र मी वापरत नाही आणि संचकर्त्यांनी ते काढून टाकावेत, असे मला आग्रहाने वाटते. ज्यांच्या पायांवर आमच्या फाईली फिरतात, त्या माणसाला गटावर हसणे मला पटत नाही. काही स्टिकरांत चार-चार ओळी कोंबल्यामुळे त्या चश्म्यातूनही वाचता येत नाहीत. पुढच्या आवृत्तीत तिथे दोनच शब्द ठेवावेत आणि ‘टिपणी’वर एखादी कोटी अवश्य यावी.