मुसकं नव्हे, म्होरकी : कुत्र्याच्या हेड हॉल्टरचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचा बंड्या अर्धा लॅब्रेडॉर, अर्धा गावठी. वय तीन, वजन 31 किलो. मुलाने हौसेने आणला आणि स्वतः नोकरीसाठी पुण्याला गेला. फिरवायचं काम आलं माझ्याकडे, आणि माझं वजन 54. गेल्या ऑक्टोबरात नाशिकच्या गोदा पार्कला एक मांजर आडवं गेलं. बंड्या सुटला, मी आडवी झाले, उजवा खांदा दीड महिना धरून बसला होता. तेव्हा व्हेट म्हणाले, हेड हॉल्टर वापरून बघा.

दोन पट्ट्यांचा खेळ आहे. एक पट्टी मानेवर अगदी वर, कानांच्या मागे. दुसरी नाकाभोवती सैल. लीश, म्हणजे आपण हातात धरतो तो पट्टा, हनुवटीखाली अडकते. कुत्र्याने ओढलं की त्याचंच तोंड बाजूला वळतं, त्यामुळे छातीची ताकद कामाला येत नाही. कुत्र्यांसाठी ही युक्ती 1980च्या दशकात रुळली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले पशुवैद्यक आर. के. अँडरसन आणि प्रशिक्षक रूथ फॉस्टर यांनी 'जेंटल लीडर' काढला, इंग्लंडात रॉजर मगफर्ड यांची 'हाल्टी' आली. हे मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांचा जन्म दिंडोरीच्या शेतात गेलेला. गुरांच्या तोंडाभोवती बांधायच्या दोरीला म्होरकी म्हणतात. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे म्होरकीच की!"

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. पार्सल फोडलं, घातलं आणि थेट खाली नेलं. पार्किंगमध्ये बंड्या लोळला, दोन्ही पंजांनी नाक ओरबाडलं, शेजाऱ्यांच्या स्कूटीच्या चाकावर तोंड घासलं. वॉचमन बघत होता. मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी पट्टा काढून टाकला. त्यातून बंड्या एकच गोष्ट शिकला : पंजा मारला की हे निघतं. दुसऱ्या दिवशी पट्टा हातात दिसताच स्वारी दिवाणाखाली.

सासऱ्यांनी विचारलं, "वासराला म्होरकी घालून त्याच दिवशी कुणी बाजारात नेतं का? आधी नुसती तोंडावर राहू द्यायची. चारा खाता खाता विसरतं ते." मग आठवडाभर पट्टा आत ठेवून दिला आणि नव्याने सुरुवात केली.

नाकाची पट्टी मी बांगडीसारखी धरायची, पलीकडे उकडलेल्या कलेजीचा तुकडा. हात जराही पुढे न्यायचा नाही, नाकानेच आत यायचं. पहिल्या दिवशी नुसतं हुंगणं, तिसऱ्या दिवशी डोळ्यांपर्यंत तोंड आत. शनिवारी आमच्याकडे नॉनव्हेज नसतं, तेव्हा पनीर. बंड्याला वारांचं सोयरसुतक नाही. (शेजारच्या काकू प्रेमाने घरचे बेदाणे घेऊन आल्या होत्या. द्राक्षांच्या गावात राहतो म्हणून मुद्दाम सांगते : द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याला एकही द्यायचा नाही. किडन्या निकामी होऊ शकतात.)

नाक आत येऊ लागलं, पण बकल लावलं की बंड्या दचकून मागे. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, तो पट्टीला नाही, कानामागे होणाऱ्या 'टक्' आवाजाला घाबरतोय. मग बकल वेगळं हातात घेऊन लांबूनच टक् करायचं आणि तुकडा द्यायचा. चार दिवसांत तो आवाज ऐकून स्वयंपाकघरातून धावत यायला लागला. मग लावून दोन सेकंद, पाच, दहा. पंजा वर जायच्या आतच तुकडा द्यायचा, नाहीतर दोन पावलं चालवायचं. पंजा चालू असताना मात्र काढायचं नाही. हॉलमधून पॅसेज, पॅसेजमधून जिना. नव्या सुरुवातीपासून 24व्या दिवशी आम्ही रस्त्यावर आलो.

खांद्याच्या दृष्टीने फरक विचाराल तर पहिल्याच फेरीत जाणवला. आता लीश दोन बोटांत धरते. कोपऱ्यावरच्या भटक्या टोळीकडे हा टक लावून बघायला लागला की हलकेच तोंड माझ्याकडे वळवते. नजर तुटली की निम्मं भांडण तिथेच संपतं.

आता तक्रारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण मापाचा तक्ता चुकीचा होता. तक्त्याप्रमाणे घेतलेला पट्टा नाकावरून सरळ निसटला, तोही रस्त्यावर. तीन ईमेल केले, उत्तर नाही. तेव्हापासून हॉल्टर आणि गळ्यातला पट्टा एका छोट्या दोरीने जोडून ठेवते, निसटला तरी कुत्रा हातात राहतो. मानेच्या पट्टीखाली जेमतेम एक बोट जावं. नाकाची पट्टी पुढे ओल्या नाकापर्यंत सरकावी, पण बाहेर येऊ नये. तोंड पूर्ण उघडायला हवं : धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. अर्थात चावताही येतं! हे मुसकं नव्हे. तरी रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "चावतो का हो?" सुरुवातीला समजावून सांगायचे, आता सोडून दिलंय. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना मात्र हे बसतच नाही.

झटका कधीच द्यायचा नाही, मान पिरगळते. लांब सुटणारी गुंडाळीची लीश तर यावर अजिबात नको, कारण कुत्रा वेगात जाऊन टोकाला अडकतो. घरी आल्यावर लगेच काढायचं. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला, तेव्हा सकाळी सातच्या आत फेरी उरकायचो. पावसाळ्यात पट्टी ओली राहून नाकाच्या दांड्यावरचे केस गेले. व्हेटनी आठ दिवस सुट्टी सांगितली. मोच्याकडून आतून मऊ फलालीन शिवून घेतलं, त्यानंतर पुन्हा त्रास नाही.

आणि एक, हे काढलं की बंड्या पहिल्यासारखाच ओढतो. हॉल्टरमुळे तो नीट चालायला शिकला, असं म्हणणार नाही. म्हणून सध्या अर्धी फेरी हॉल्टरवर, अर्धी हार्नेसवर, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यावर. हार्नेसवर लीश ताणली की मी जागच्या जागी उभी. कधीकधी शंभर पावलांना वीस मिनिटं लागतात.

गेल्या रविवारी मुलगा आला होता. हौसेने फिरवायला निघाला, पट्टी नाकावर चढवायला गेला तर बंड्याने तोंड फिरवलं. म्हटलं, "तू नुसता धर, तो येईल." त्याने धरला. बंड्याने हुंगलं, नाक आत घातलं, बकल टक् झालं. मुलगा दाराकडे वळला, पण बंड्या फ्रिजसमोर जाऊन बसला.