एडेलवाइस जवळून पाहायचे असेल तर शिनिगे प्लाटे

स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनला मुक्काम करणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक युंगफ्राउयोख ही बर्फाच्छादित खिंड पाहून पुढच्या गावाला निघतात. वनस्पतींची थोडीफार आवड असलेल्यांनी मात्र एडेलवाइस हे आल्प्स पर्वतातले ताऱ्यासारखे पांढरे फूल पाहायला शेजारच्या शिनिगे प्लाटे येथील अल्पाइन (उंच पर्वतांवरच्या वनस्पतींच्या) उद्यानासाठी एक दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. १८९३ पासून चालणारी दातेरी रुळांची गाडी विल्डर्सविलहून पाऊण-एक तासात जवळजवळ दोन हजार मीटर उंचीवर नेते आणि उद्यान स्थानकाच्या लगतच आहे.

१९२९ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानाची मांडणी मला फार पटली. येथे वनस्पती कुलांनुसार वाफ्यांत लावलेल्या नसून खडक, घसरते दगडगोटे, कुरण अशा त्यांच्या मूळ अधिवासांनुसार राखल्या आहेत. त्यामुळे एडेलवाइस कोठे व का उगवते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दहापट मोठे दाखवणारे भिंग सोबत हवेच. ज्या पांढऱ्या पाकळ्या वाटतात, त्या दाट लोकरी लव असलेली पाने, म्हणजे छदे असतात. मधली प्रत्येक पिवळसर गुंडी हा एक स्वतंत्र स्तबक, म्हणजे बारीक फुलांचा दाट गुच्छ, अर्थात झेंडूच्या अख्ख्या फुलाच्या तोडीचा. एका ताऱ्यात असे साधारण पाच-सहा स्तबक आणि प्रत्येकात दाटीने बसलेली कितीतरी नळीदार पुष्पके, म्हणजे इवलीशी फुले. सूर्यफुलाच्या कडेला असतात तशी जिभेच्या आकाराची पुष्पके येथे नाहीतच. कीटकांना बोलावण्याचे त्यांचे काम छदांनी उचलले आहे. ही लव अतिनील किरण शोषून घेते, दृश्य प्रकाश मात्र आत जाऊ देते आणि कोरड्या वाऱ्यात पाण्याचा ऱ्हासही रोखते. सखल भागातल्या कुंडीत हेच रोप उंच, हिरवट आणि विरळ लवेचे होते. स्मरणवस्तूंच्या दुकानांत काचेखाली दाबलेली फुले मिळतात, परंतु चपटी झाल्यावर स्तबकांची रचना कळत नाही. ते पैसे भिंगावर खर्च करावेत.

हिवाळ्यात गाडी बंद असते आणि एडेलवाइसचा बहर जुलै ते सप्टेंबर एवढाच असतो. रोप जेमतेम वीतभर उंचीचे असल्याने गुडघे टेकण्याची तयारी ठेवावी. वेळ उरल्यास जांभळा अल्पाइन अ‍ॅस्टरही शोधावा: तो याच कुलातला आहे, पण त्याच्या कडेला खरीखुरी जिभेसारखी पुष्पके असल्याने दोन्ही रचनांतला फरक तेथल्या तेथे पडताळता येतो.